एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा : उन्सुक चिन यांचे कॉन्चेर्टो कसे ऐकावेत?

पेटीवादक, सोलापूर (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापुरात २२ वर्षे पेटी शिकवते आणि गावातल्या बैठकींना साथ करते. पाश्चात्त्य संगीताचे रीतसर शिक्षण मला नाही, त्यामुळे प्रश्नात काही चुकीचे असेल तर कृपया स्पष्टपणे सांगावे.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीची पेटी माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. मधल्या सप्तकातला एक सूर मुका झाला होता. पेटी उघडून वर्तमानपत्रावर ठेवली होती आणि त्या सुराच्या पितळी पत्तीखालून कागदाची पातळ पट्टी सरकवून धूळ काढणे चालू होते. त्याच वेळी परगावी असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने एक ध्वनिमुद्रण पाठवले आणि ते मी काम करता करता लावले. पहिले काही क्षण मला वाटले की कोणीतरी पेटीच वाजवत आहे, फक्त तिचा भाता माणसाच्या छातीत आहे. नंतर कळले की ते शेंग नावाचे चिनी वाद्य आहे, रचनेचे नाव ‘शू’ आहे आणि ती उन्सुक चिन या कोरियन संगीतकार बाईंनी शेंग व ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेली आहे.

त्यानंतर मी ती रचना सहा-सात वेळा ऐकली. ती मला सोडवत नाही, पण उमगतही नाही. आपल्याकडे मुख्य वादक आणि साथीदार यांचे नाते ठरलेले असते. साथीदाराने मागे राहावे, जागा मिळेल तिथे भरावी आणि समेवर भेटावे, एवढे साथ करणाऱ्याला माहीत असते. जुगलबंदी असेल तर दोघांनाही सारखा मान असतो. इथे यातले काहीच लागू पडत नाही. शेंग कुठे संपते आणि ऑर्केस्ट्रा कुठे सुरू होतो, हेच अनेकदा समजत नाही. राग नाही, सम नाही, मग कान कशावर ठेवायचा? या बाईंनी इतर वाद्यांसाठीही असे कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचना, लिहिले आहेत असे समजले. ते कोणत्या क्रमाने ऐकावेत?

शेवटचा प्रश्न थोडा आपल्या गावचा आहे. शेंगेसारखे वाद्य ऑर्केस्ट्रापुढे असे उभे राहू शकते, तर सोलापूरची सुंदरी, म्हणजे सनईच्या कुळातले आपले छोटे वाद्य, राहू शकेल का?

---

नवीपेठकर

ताई, पेटीची आठवण झाली हे कानाने अगदी बरोबर टिपले आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

शेंग आणि पेटी ही एकाच कुळातली वाद्ये आहेत. दोन्हींत मोकळी पत्ती असते, म्हणजे पितळेची जीभ आपल्या चौकटीच्या फटीतून कुठेही न आपटता आरपार हलते आणि त्यातून सूर उमटतो. सनईत तसे नसते. तिथे दोन पत्त्या एकमेकींवर मिटतात आणि उघडतात. पूर्व आशियातली ही मोकळी पत्ती युरोपात माहीत झाल्यावर तिथे तिच्यावर पुष्कळ प्रयोग झाले आणि १९व्या शतकाच्या पूर्वार्धात त्यातून हार्मोनियम घडले. पुढे ते आपल्याकडे आले आणि बैठकीत मांडीजवळ बसले. म्हणजे आपण जी पत्ती साफ करत होतात, तिची फार जुनी बहीण फोनमधून वाजत होती.

शेंगेची रचना समजली की ‘शू’ निम्मी समजते. एका छोट्या वाडग्यासारख्या भागात बांबूच्या नळ्या उभ्या खोवलेल्या असतात आणि प्रत्येक वाजणाऱ्या नळीच्या बुडाशी एक पत्ती असते. बोटाने ज्या नळीचे छिद्र बंद करावे ती नळी बोलते. पारंपरिक शेंगेत १७ नळ्या असतात. ज्यांच्यासाठी ही रचना लिहिली गेली ते वू वेई ३७ नळ्यांची सुधारित शेंग वाजवतात, त्यामुळे त्यांना पेटीसारखेच बाराही स्वर मिळतात. आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे शेंग श्वास सोडतानाही वाजते आणि घेतानाही वाजते, म्हणून स्वर अखंड चालू राहू शकतो. दुसरी म्हणजे तिच्यावर एका वेळी अनेक स्वर धरता येतात. फुंकीच्या वाद्यात हे दोन्ही गुण एकत्र मिळणे दुर्मीळ आहे.

आता ऑर्केस्ट्राकडे येऊ. आपल्या सोलापुरात ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की गणपतीच्या दिवसांत होणारा चित्रपटगीतांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो, म्हणून स्पष्ट करतो की येथे व्हायोलिन, व्हिओला, चेलो, बासरी, क्लॅरिनेट, भोंग्याची पितळी वाद्ये आणि तालवाद्ये यांचा मोठा वृंद अभिप्रेत आहे. चिन यांनी या सगळ्या वृंदाची एक प्रचंड शेंग केली आहे. सुरुवातीला शेंग एकटी येते, एखादा स्वरसंघ, म्हणजे एकदम वाजणारे अनेक स्वर, धरते आणि तो हळूहळू फुलवते. मग तोच स्वरसंघ वृंदातली वाद्ये उचलतात आणि त्याला शेंगेच्या आवाक्याबाहेर, वर आणि खाली, पसरवत नेतात. ऑर्केस्ट्रा इथे साथीला नाही आणि जुगलबंदीलाही नाही, तो शेंगेचेच वाढलेले अंग आहे. कुठे काय संपते ते समजत नाही असे आपण लिहिले, ते आपल्या कानाचे अपयश नाही. बाईंना नेमके तेच हवे होते.

‘शू’ हे नाव इजिप्तच्या पुराणकथांतून घेतले आहे आणि तिथे ते हवेचे प्रतीक आहे. रचना २००९ मध्ये टोकियोत प्रथम वाजली. सुमारे २० मिनिटांची आहे. पुढे तालवाद्ये जागी होतात आणि शेंग लयीत शिरते, तिथे श्वासाच्या झटक्यांनी केलेले आघात ऐकावेत. भाता मारण्याची सवय असलेल्या हाताला ते चटकन कळतील.

कान कशावर ठेवायचा, याचे माझे उत्तर असे आहे की स्वरवाक्याच्या मागे धावू नये, रंग कसा बदलतो त्याकडे लक्ष द्यावे. एकच स्वर शेंगेवरून व्हायोलिनवर आणि तिथून बासरीवर गेला की तो तोच राहतो का, हे पाहावे. आपण तंबोरा जुळवताना नेमके हेच करत असतो. जवारीचा दोरा केसभर सरकवला की षड्ज तोच राहतो आणि तरीही दुसरा होतो.

---

मूळचा सोलापूरचा, सध्या पुणे

वरील उत्तर उत्तम आहे. मी हौशी व्हायोलिनवादक आहे, म्हणून बाईंच्या पहिल्या व्हायोलिन कॉन्चेर्टोबद्दल लिहितो. माझ्या मते ‘शू’नंतर लगेच तोच ऐकावा.

आधी थोडी ओळख. उन्सुक चिन यांचा जन्म १९६१ मध्ये सोलमध्ये झाला. वडील धर्मोपदेशक होते, स्वरलेखन वाचायला त्यांनीच शिकवले आणि पियानो त्या बऱ्याच अंशी आपल्या आपणच शिकल्या. १९८५ मध्ये त्या संगीतकार ग्योर्गी लिगेती यांच्याकडे शिकण्यासाठी हॅम्बुर्गला गेल्या. तोवर त्यांच्या रचनांना आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालेले होते, तरी गुरूंनी ते सगळे काम बाजूला टाकायला सांगितले, कारण त्यात चिन यांचा स्वतःचा आवाज लिगेतींना ऐकू येत नव्हता. त्यानंतर सुमारे तीन वर्षे त्यांच्या हातून रचना झाली नाही. १९८८ पासून त्या बर्लिनमध्ये राहतात. तिथे त्यांनी इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओत काम केले, आणि माझ्या समजुतीने एक स्वर फोडून त्याच्या आत काय आहे ते पाहण्याची त्यांची सवय तिथे पक्की झाली. त्यांच्या ऑर्केस्ट्रात ती जागोजागी दिसते.

व्हायोलिन कॉन्चेर्टो २००१ मध्ये लिहून झाला आणि जानेवारी २००२ मध्ये बर्लिनमध्ये प्रथम वाजला. व्हायोलिनवर विवियाने हाग्नर होत्या आणि कंडक्टर, म्हणजे वृंदाचे संचालन करणारे, केंट नगानो होते. या रचनेला संगीतरचनेसाठीचा २००४ चा ग्रॉमायर पुरस्कार मिळाला. चार भाग आहेत. आपल्या दृष्टीने त्यातली मौजेची गोष्ट अशी की साऱ्या रचनेचे मूळ व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारांत आहे. या तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर लावलेल्या असतात, म्हणजे पहिलीला षड्ज मानले तर दुसरी पंचम, दुसरीला षड्ज मानले तर तिसरी तिचा पंचम, आणि तसेच पुढे. आपण ज्याला षड्ज-पंचम भाव म्हणतो तो इथे एका वाद्याच्या अंगातच एकावर एक रचलेला आहे. (आपले व्हायोलिनवादक त्याच तारा सा-प-सा-प अशा लावतात आणि वाद्याचा स्वभावच पालटतो, पण तो वेगळा विषय झाला.)

पहिला भाग फार हळू सुरू होतो. मरिंबाचा, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचा, दबका झंकार येतो आणि त्यातून व्हायोलिन तारांचे उपस्वर काढत वर येते. तार दाबायची नाही, बोट नुसते टेकवायचे. अर्ध्यावर टेकवले तर वरचा षड्ज बोलतो, तिसऱ्या हिश्श्यावर टेकवले तर त्याच्या वरचा पंचम. हा आवाज शिटीसारखा, पोकळ आणि पारदर्शक असतो. चांगला लागलेला तंबोरा छेडताना आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार ज्याने ऐकला आहे, त्याला हा आरंभ परका वाटणार नाही. पुढे एकल वादकाला अतिशय अवघड काम दिले आहे आणि तो जवळजवळ सतत वाजत राहतो, मात्र कौशल्य दाखवायला ऑर्केस्ट्राने त्याला मोकळे मैदान करून द्यावे असा प्रकार फारसा घडत नाही. वृंदातली स्वर देणारी तालवाद्ये त्याच्या प्रत्येक हालचालीभोवती चमकत राहतात.

आपल्याकडच्या श्रोत्यांना पंडित रविशंकरांचा १९७१ चा सतार कॉन्चेर्टो अधिक ओळखीचा असेल. तो लंडनमध्ये आंद्रे प्रेव्हिन यांच्या कंडक्टिंगखाली झाला आणि त्याच्या चार भागांत खमाज, सिंधभैरवी, अडाणा आणि मांझ खमाज आहेत. तिथे रागाची चौकट आधी होती आणि ऑर्केस्ट्रा तिच्यात बसवला गेला. मला ती रचना प्रिय आहे, तरीही वृंद तिथे पुष्कळदा सतारीच्या ओळीची पुनरुक्ती करतो, हे मान्य करायला हवे. चिन यांच्याकडे चौकट वाद्याच्या देहातूनच निघते. हा फरक मनात ठेवून दोन्ही ऐकल्यास ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कानालाच मिळेल.

---

सनईचा विद्यार्थी

सुंदरीबद्दल लिहितो. मी सनई शिकतो आणि सुंदरी जवळून ऐकली आहे, हाताळलीही आहे. सुंदरी सनईपेक्षा बरीच लहान, आवाजाला उंच आणि टोकदार. सुंदरी म्हटले की सोलापूरच्या जाधव घराण्याचे नाव निघणारच, कारण हे वाद्य रागदारीच्या बैठकीत त्यांनीच नेले.

मात्र नवीपेठकर सरांच्या उत्तरावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की शेंग जमली म्हणजे सुंदरीही जमेल. शेंगेचे स्वर पेटीसारखे जागच्या जागी बसवलेले आहेत. ती पाश्चात्त्य वृंदात सहज मिसळते, कारण तिचे बारा स्वर त्यांच्या बारा स्वरांशी मिळवून घेता येतात आणि तिच्यावर स्वरसंघ धरता येतो. सुंदरीचा प्राण याच्या अगदी उलट बाजूला आहे. छिद्र अर्धे उघडायचे, ओठांचा दाब बदलायचा आणि एका स्वरातून दुसऱ्यात न तुटता जायचे. ती मींड काढून घेतली तर सुंदरी म्हणजे नुसती किंचाळणारी नळी राहील. त्यात वाद्याचा षड्ज घडवतानाच ठरतो. वृंदाने आपल्या पट्टीत यावे म्हटले तर पन्नास-साठ माणसांना ते पटवावे लागेल, नाहीतर त्यांच्या पट्टीची सुंदरी मुद्दाम घडवून घ्यावी लागेल.

दुसरी अडचण आवाजाची. सिद्धेश्वरांच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत, हलग्यांच्या गजरातून जो आवाज पार होतो तो याच कुळातल्या वाद्यांचा असतो. सभागृहात तोच आवाज नाजूक व्हायोलिनांवर कसा ठेवायचा, हे लिहिणाऱ्याला फार सांभाळावे लागेल.

तरीही मी नाही म्हणणार नाही. आमच्याकडे मुख्य सनईवाल्याच्या मागे सूर धरणारा साथीदार असतो. तो गालात हवा साठवतो, नाकाने श्वास घेतो आणि एकच षड्ज न तोडता धरून ठेवतो. शिकायला लागल्यावर पहिली दोन वर्षे मी फक्त हेच केले आहे. ‘शू’ ऐकताना मला सारखे वाटत होते की सगळा ऑर्केस्ट्रा सूर धरणारा झाला आहे, पण असा सूर धरणारा की ज्याचा षड्ज आतून पालटत राहतो. सुंदरीसाठी कोणी लिहायचे ठरवले तर वाट इथून निघेल असे मला वाटते. त्यासाठी लिहिणाऱ्याने वादकाजवळ बसले पाहिजे. वू वेई आणि चिन दोघेही बर्लिनचे रहिवासी आहेत, ही गोष्ट लहान नाही. बाईंना पारंपरिक आशियाई वाद्यासाठी लिहायचा आधी संकोच होता, कारण अशा रचनेत ते वाद्य नुसते शोभेचे होऊन बसते. वू वेईंचे वादन ऐकल्यावर त्यांचे मत बदलले. सुंदरीच्या बाबतीतही वाद्य मंचावर मिरवण्याची घाई झाली तर त्यापेक्षा ते न केलेले बरे.

क्लॅरिनेट कॉन्चेर्टो (२०१४) फुंकीचे वाद्य वाजवणाऱ्याने आवर्जून ऐकावा. क्लॅरिनेटवादक कारी क्रिक्कू यांच्यासाठी तो लिहिला आहे. एकाच नळीतून एका वेळी दोन-तीन स्वर काढण्याची युक्ती त्यात वापरली आहे. एरवी असा आवाज निघाला की आम्ही पत्ती बिघडली म्हणतो. इथे त्याचेच संगीत झाले आहे.

---

नवीपेठकर

मींडेचा मुद्दा मान्य. माझ्या उत्तरात तो यायला हवा होता.

क्रमाविषयी : ‘शू’, मग पहिला व्हायोलिन, मग चेलो. या तिघांना वेळ द्यावा. पियानो कॉन्चेर्टो (१९९७) त्याआधीचा आहे. त्यात गती फार आहे आणि नवख्या कानाला तो दाट वाटू शकतो, म्हणून मागाहून. २००२ चा पियानो व तालवाद्यांचा दुहेरी कॉन्चेर्टोही नंतर ऐकला तरी चालेल. ध्वनिमुद्रणांत सोल फिल्हार्मोनिकचे, म्युंग-व्हुन चुंग कंडक्टर असलेले, २०१४ चे ध्वनिमुद्रण सर्वात सोयीचे आहे, कारण त्यात पियानो, चेलो आणि ‘शू’ तिन्ही एकत्र आहेत. पहिला व्हायोलिन कॉन्चेर्टो बर्लिन फिल्हार्मोनिकबरोबर ख्रिस्तियान टेट्झलाफ यांनी वाजवलेला आहे, तो मिळवावा.

चेलो कॉन्चेर्टोबद्दल मात्र आधी सावध करतो. २००९ मध्ये लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात आल्बान गेरहार्ट यांनी तो प्रथम वाजवला. बाकीच्या कॉन्चेर्टोंत एकल वादक आणि वृंद एकमेकांत विरघळतात, इथे ते समोरासमोर उभे आहेत. पहिल्या भागाचे नाव ‘आनिरी’ आहे. कोरियात पानसोरी नावाचा कथागायनाचा प्रकार आहे, ज्यात एक गायक आणि एक ढोलवादक मिळून तासन्‌तास कथा सांगतात. त्यात गाणे थांबवून जे बोलून सांगितले जाते त्याला आनिरी म्हणतात. कीर्तनात अभंग थांबतो आणि बुवा निरूपणाला लागतात, तो क्षण आठवावा. चिन यांनी पानसोरीची चाल उचललेली नाही. सांगणाऱ्याचा आविर्भाव तेवढा चेलोला दिला आहे. शेवटच्या भागात वृंद चेलोवर अक्षरशः तुटून पडतो आणि चेलो त्याला प्रत्युत्तर न देता आपले सांगणे चालू ठेवतो.

---

मूळचा सोलापूरचा, सध्या पुणे

एक भर घालतो. एका वाद्यासाठी एकच कॉन्चेर्टो लिहायचा असे बाईंनी ठरवले होते. तो निश्चय व्हायोलिनवादक लिओनिदास कावाकोस यांच्या वादनामुळे मोडला आणि ‘शेर्बन डेर श्टिल’, म्हणजे ‘शांततेच्या ठिकऱ्या’, हा दुसरा व्हायोलिन कॉन्चेर्टो तयार झाला. जानेवारी २०२२ मध्ये लंडनमध्ये सायमन रॅटल यांच्या कंडक्टिंगखाली तो प्रथम वाजला. यात वेगळे भाग नाहीत, एकच सलग ओघ आहे. पहिल्या कॉन्चेर्टोतला प्रकाश इथे फारसा नाही. व्हायोलिन अधिक एकटे आणि अधिक धारदार आहे. २०२४ मध्ये त्यांना संगीताचा एर्न्स्ट फॉन सीमेन्स पुरस्कार मिळाला.

---

पेटीवादक, सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचल्यावर दोन दिवस थांबून मगच चेलो कॉन्चेर्टो ऐकला, रात्री अकरानंतर, रस्त्यावरची वाहने कमी झाल्यावर. हार्प या तंतुवाद्याच्या हळू छेडण्यातून एकच स्वर ठिबकत राहतो आणि चेलो त्या स्वराभोवती बोलू लागतो, तिथे मला निरूपणाची उपमा पूर्ण पटली. कीर्तनाला मी पुष्कळ वर्षे साथ केली आहे. बुवा बोलत असताना पेटीवाल्याने षड्ज मंद धरून ठेवायचा असतो, भाता हलका ठेवायचा असतो, आणि बुवा पुन्हा कोणत्या शब्दावर गाण्यात शिरतील याची वाट पाहायची असते. हार्प तेच काम करत होते. शेवटच्या भागात वृंद अंगावर येतो तेव्हा मात्र मला बसवेना. मी उठून उभी राहिले होते, हे ध्वनिमुद्रण संपल्यावर लक्षात आले.

‘शू’ पुन्हा ऐकली. या वेळी स्वरवाक्य शोधले नाही. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला एक स्वर शेंगेवरून तारांवर गेला आणि त्याची कड मऊ झाली, ती जागा मी पाच वेळा मागे जाऊन ऐकली.

येत्या रविवारी संध्याकाळी शिकवणी झाल्यावर मुलांना ‘शू’ पूर्ण ऐकवणार आहे. आधी पेटी उघडून पत्ती दाखवीन आणि मग ध्वनिमुद्रण लावीन. सनईच्या विद्यार्थ्याला जमणार असेल तर त्यांनी सुंदरी आणि सनई दोन्ही घेऊन यावे, म्हणजे मोकळी पत्ती आणि मिटणारी पत्ती यांतला फरक मुलांना जवळून पाहता येईल. पत्ता खासगी निरोपात कळवते.

---

सनईचा विद्यार्थी

येतो, ताई. सूर धरायला धाकट्या भावालाही आणतो.